कुठली पेशी, कुठला आजार आणि बिल कोणाचं?

खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. तिथल्या बोन मॅरो विभागात पेशंटच्या स्टँडला लाल द्रवाची एक पिशवी लटकवतात, ती तास-दोन तासांत नसेतून आत जाते आणि त्या दिवसाचं काम संपतं. बघणाऱ्याला वाटेल, रक्त चढवताहेत. ना चिरफाड, ना टाके. पिशवीत असतात रक्त बनवणाऱ्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल. स्टेम सेल थेरपी म्हणजे मुळात ही. जगातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत कसून तपासलेली. देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण मुंबईत टाटा रुग्णालयात १९८३ साली झालं. अमेरिकेत हे तंत्र ज्यांनी उभं केलं त्या डोनाल थॉमस यांना त्यानंतर सात वर्षांनी नोबेल मिळालं.

ठाण्यात किंवा वाशीत ‘स्टेम सेल’ म्हटलं की मात्र हे चित्र कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. गुडघ्यातलं इंजेक्शन, स्वमग्न मुलाच्या पाठीत द्यायची सुई, लकवा, मधुमेह, गळणारे केस, आणि सोनोग्राफीच्या रांगेत हातात पडणारं नाळेचं रक्त साठवण्याचं माहितीपत्रक, अशी सगळी वरात त्या एका शब्दामागून चालते. ‘स्टेम सेलने फरक पडतो का हो?’ हा प्रश्न ‘गोळीने बरं वाटतं का?’ याच्याइतकाच अर्धवट आहे. कुठली गोळी, कशावर? इथेही तेच विचारायचं. कुठली पेशी, कुठून काढलेली, किती, कुठे सोडलेली, आणि तिथे जाऊन तिने काय करायचं आहे?

आमचं म्हणणं सरळ आहे. मोजक्या आजारांत स्टेम सेल जीव वाचवते, काही ठिकाणी आशा ठेवण्याजोगं काम चाललंय, आणि उरलेल्या लांबलचक यादीत ती अजून प्रयोग आहे. प्रयोगाचं बिल पेशंटने भरायचं नसतं. आपल्याकडे ते भरलं जातं, आणि जो उपचार खरोखर चालतो त्याच्यासाठी पैसे आणि दाते कमी पडतात.

रक्ताच्या बाबतीत हे का जमतं ते पाहिलं की बाकीच्यांना लावायची कसोटी हाती येते. रक्त रोज नव्याने तयार होतं. तांबडी पेशी १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी पांढरी पेशी) त्याहून कितीतरी कमी. हा कारखाना चालवणाऱ्या मूळपेशींना घरचा पत्ता पाठ असतो. नसेत सोडल्या तरी फिरत फिरत हाडांतल्या मज्जेत (बोन मॅरोत) जाऊन बसतात. त्यांच्या अंगावर सीडी३४ नावाची खूण असते, म्हणून त्या मोजता येतात. पेशंटच्या दर किलो वजनामागे किमान २० लाख सीडी३४ पेशी लागतात. कमी पडल्या तर मज्जा उशिरा धरते किंवा धरतच नाही. म्हणजे पेशी कुठली, मात्रा किती, जागेवर पोचते का, आणि पोचून काम करते का, या चारही प्रश्नांना उत्तर आहे. शेवटचं उत्तर तर दोन-तीन आठवड्यांत रोजच्या सीबीसीच्या कागदावर दिसतं. मेंदू, मज्जारज्जू आणि हृदयाचा स्नायू यांच्या बाबतीत ही चार उत्तरं अजून कुणाला एकत्र जुळवता आलेली नाहीत.

रक्ताच्या आजारांतला थॅलेसेमिया, म्हणजे शरीराला हिमोग्लोबिन नीट बनवता न येण्याचा आनुवंशिक आजार, ठाणे जिल्ह्याला चांगला माहीत आहे. फाळणीनंतर उल्हासनगरात वसलेल्या सिंधी समाजात याचे वाहक देशाच्या सरासरीहून जास्त आढळतात. लोहाणा, भानुशाली, पंजाबी समाजांतही तेच. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं, आणि शरीराकडे ते बाहेर टाकायचा मार्गच नाही. ते यकृतात, हृदयात, वाढीच्या ग्रंथींत साचत जातं. लोह काढणारी डेफेरासिरॉक्ससारखी औषधं रोज घ्यावी लागतात. चुकवली, की पुढे प्रत्यारोपण करायचं ठरलं तरी त्याची किंमत मोजावी लागते.

प्रत्यारोपणासाठी आधी एचएलएची, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांची, जुळणी. गालाच्या आतला स्वॅब किंवा थोडं रक्त पुरतं. एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. जुळलं तर दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिली, २० च्या वर सहसा नाही. मूळपेशींना मज्जेतून रक्तात उतरवणाऱ्या जी-सीएसएफची पाच दिवस इंजेक्शनं देऊन हाताच्या नसेतूनही पेशी गोळा करता येतात, पण थॅलेसेमियात मज्जाच बरी. तिच्याबरोबर दात्याच्या टी-पेशी (परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या) कमी येतात, आणि त्यामुळे दात्याच्या पेशींनी पेशंटवर उलटण्याचा त्रास कमी होतो. पेशी चढवण्याआधी पेशंटची स्वतःची मज्जा बुसल्फान किंवा ट्रिओसल्फान, फ्लुडाराबिन, थायोटेपा अशा औषधांनी रिकामी करतात. खरी कसोटी इथे असते. जुनी मज्जा गेलेली, नवी अजून धरलेली नाही, आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांत अंगात लढायला पांढऱ्या पेशी नाहीत. हवा गाळणारी खोली, तोंडात फोड, नळीतून अन्न, ताप आला की तासाभरात अँटिबायोटिक. न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की मज्जा धरली असं म्हणतात.

बिघडतं ते बहुतेक तीन वाटांनी. आधी भरपूर रक्त चढवलेल्या मुलाचं शरीर परक्या पेशींना ओळखायला शिकलेलं असतं, ते नवी मज्जा नाकारतं. किंवा नवी मज्जा शरीराला नाकारते: कातडीवर पुरळ, जुलाब, कावीळ. तिसरी वाट म्हणजे संसर्ग, त्यात सायटोमेगॅलो हा विषाणू आणि बुरशी पुढे. इटलीत पेसारो इथल्या डॉक्टरांनी यकृत वाढलंय का, यकृतात तंतू झालेत का, लोह काढणारी औषधं नीट घेतली का, या तीन प्रश्नांवर मुलांचे तीन गट पाडले. तिन्हींची उत्तरं चांगली असलेल्या गटाचे निकाल सगळ्यांत चांगले. लहान वय, जुळणारं भावंड आणि अनुभवी केंद्र असेल तर दहापैकी साधारण नऊ मुलं रक्ताच्या पिशवीतून सुटतात. उरलेल्यांत काहींची मज्जा नाकारली जाते आणि काही मुलं दगावतात. हा आकडा कुटुंबाला आधी सांगायचा असतो, आणि चांगली केंद्रं तो सांगतात. रुग्णालयातून सुटल्यावरही १०० दिवसांपर्यंत जवळपासच राहावं लागतं, ताजं शिजवलेलंच खावं लागतं, आणि लहानपणीच्या लसी सहा महिने-वर्षानंतर पहिल्यापासून पुन्हा घ्याव्या लागतात, कारण जुनी प्रतिकारशक्ती जुन्या मज्जेबरोबर गेलेली असते. रक्तगट वेगळा असेल तर तोही दात्याचा होतो.

खासगी रुग्णालयात हा खर्च दहा लाखांच्या पुढे सहज जातो. बोरिवलीला महापालिकेचं मुलांसाठीचं थॅलेसेमिया आणि बोन मॅरो केंद्र आहे, कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना एका प्रत्यारोपणामागे १० लाखांपर्यंत देते. तरीही भावंड न जुळलेल्या मुलाला बाहेरचा दाता हवा असतो आणि तिथे गाडी अडते. दात्री किंवा डीकेएमएस यांसारख्या दात्यांच्या नोंदवह्यांत एवढ्या मोठ्या देशातले काही लाखच लोक आहेत. अर्धवट जुळणाऱ्या आई-वडिलांकडून प्रत्यारोपण आता होतं. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देऊन उलटणाऱ्या पेशी मारण्याची युक्ती त्यासाठी वापरतात. पण त्यात गुंतागुंत जास्त. एक गोष्ट स्वस्तातली: लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी चाचणी. त्यातलं एचबीए२ साडेतीन टक्क्यांच्या वर आलं की जोडीदाराची चाचणी करायची. उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यात तिच्यावर खर्च केलेला रुपया इथल्या कुठल्याही पेशी-उपचारापेक्षा जास्त काम करील.

याच मालिकेत सिव्हिअर अॅप्लास्टिक अॅनिमिया (मज्जा रक्त बनवेनाशी होते तो), ल्युकेमियाचे बरेच प्रकार, उलटलेला लिम्फोमा आणि जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेली बाळं येतात. मल्टिपल मायलोमा या मज्जेच्या कर्करोगात पेशी स्वतःच्याच असतात. आधी काढून ठेवायच्या, मग मेलफॅलन या कर्करोगाच्या औषधाचा, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे २०० मिलिग्रॅमचा तडाखा द्यायचा आणि पेशी परत करायच्या. इथे स्टेम सेल औषध नाहीच, औषध आहे मेलफॅलन. पेशी त्या तडाख्यातून माणसाला उभं करतात. आजार बरा होत नाही, त्याचं परतणं लांबतं, बऱ्याचदा काही वर्षांनी. सुरुवातीच्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) आणि गंभीर स्क्लेरोडर्मात, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांत, हीच पद्धत निवडक पेशंटांना उपयोगी पडते: बिथरलेली प्रतिकारयंत्रणा पुसून नव्याने सुरू करायची. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेल्या एमएसमध्ये तिचा फारसा उपयोग नाही, कारण तोवर मज्जातंतूंचं नुकसान होऊन गेलेलं असतं. आणि ‘स्टेम सेलने एमएस बरा’ अशी जाहिरात करणाऱ्यांकडे ही पद्धत नसतेच. ते नुसती पेशी टोचतात.

सिकल सेलकडेही, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराकडेही, इथून बघायला हवं. पालघर, जव्हारच्या आदिवासी पाड्यांत हा आजार आहे. पेशंटच्याच मूळपेशी काढून, जनुक कापून परत देणारा कॅसजेवी हा उपचार २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. चालतो. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. जव्हारच्या मुलासाठी आज हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि जुळलं तर भावंडाची मज्जा, एवढंच हाताशी आहे.

रक्ताबाहेर भारतीयांनी सगळ्यांत निखळ यश मिळवलं ते डोळ्यात, आणि त्याचा गाजावाजा सर्वांत कमी झाला. बुबुळाच्या कडेला लिंबस नावाची कड असते, तिथल्या मूळपेशी बुबुळाची वरची साय सतत नवी करतात. चुन्याची पुडी हाताळताना लहान मुलाच्या डोळ्यात उडाली, किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात अल्कली अंगावर आली, तर ही कड जळते आणि बुबुळावर पांढुरकं, रक्तवाहिन्यांचं कातडं चढतं. अशा डोळ्यावर नुसतं नेत्रदानातलं बुबुळ बसवून टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ साली एक सोपी पद्धत मांडली: चांगल्या डोळ्यातून जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक तुकडे करायचे, गर्भवेष्टनाच्या पातळ पडद्यावर फायब्रिनच्या गोंदाने चिकटवायचे. प्रयोगशाळेत पेशी वाढवायचा खर्च नाही. अट एकच, दुसरा डोळा धडधाकट हवा. (अर्थात पहिला उपचार पाणीच. चुना किंवा अल्कली गेल्याबरोबर डोळा उघडा धरून किमान अर्धा तास वाहत्या पाण्याने धुवायचा, पापणीच्या आत अडकलेले कण काढायचे. हे झालं तर बऱ्याचदा स्टेम सेलपर्यंत जायची वेळच येत नाही.)

आता गुडघा. घोडबंदर रोडला सोसायटीच्या बागेत सकाळी फिरणाऱ्या मंडळींत हा विषय हमखास निघतो, आणि पहिली गल्लत तिथेच होते. स्वतःचं रक्त काढून, फिरवून गुडघ्यात टोचतात ते पीआरपी. त्यात प्लेटलेट असतात. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, ती मूळपेशी कशी असेल? केसांसाठी डोक्यात टोचतात तेही हेच. पीआरपीच्या गुणदोषांवर वेगळी चर्चा होऊ शकते, पण त्याला स्टेम सेल म्हणून दुप्पट पैसे घेणं ही सरळ फसवणूक.

खऱ्या पेशींचं काय? दात्यांच्या मज्जेतून वाढवलेल्या मेसेन्कायमल पेशींचं (हाड, कूर्चा, चरबी यांच्या मूळ मानल्या गेलेल्या पेशींचं) एक भारतीय उत्पादन, स्टेम्प्यूसेल, २०२२ साली औषध महानियंत्रकांनी गुडघ्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या झिजेसाठी मंजूर केलं. एका इंजेक्शनमध्ये अडीच कोटी पेशी. त्याच्या चाचणीत १४६ पेशंट होते आणि वर्षभरानंतर वेदना व हालचाल प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली इंजेक्शनपेक्षा) बरी दिसली. दुसऱ्या बाजूला अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, पावणेपाचशेच्या आसपास पेशंटांत, स्वतःच्या मज्जेचा अर्क, चरबीतल्या पेशी आणि नाळेतल्या पेशी यांची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली. वर्षाअखेर तिघींपैकी एकही स्टेरॉइडहून सरस ठरली नाही. या दोन्हींचा आमच्या मते अर्थ असा: मंजूर उत्पादन, मंजूर पायरीसाठी, वेदना कमी करण्याची एक महागडी शक्यता म्हणून घ्यायचं तर घ्यावं. कूर्चा नव्याने उगवते ही अपेक्षा सोडून द्यावी. आणि हाडाला हाड घासतंय अशा चौथ्या पायरीच्या गुडघ्याला कुणी पेशी देऊ करत असेल तर तिथून उठावं.

मेसेन्कायमल पेशींबद्दल सगळ्यांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. १९९१ साली त्यांना ‘स्टेम सेल’ हे नाव रूढ करणाऱ्या आर्नल्ड कॅप्लान यांनीच २०१७ साली जाहीरपणे लिहिलं की हे नाव बदला. या पेशी शरीरात जाऊन नवा अवयव बनत नाहीत. काही दिवस रासायनिक संदेश सोडतात आणि संपतात. त्या संदेशांचा उपयोग कुठे होतो? प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी उलटलेल्या आणि स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या मुलांत होतो. अमेरिकेने २०२४ च्या डिसेंबरात त्यासाठी पहिलं असं उत्पादन मंजूर केलं. त्याच महिन्यात युरोपात भगेंद्रासाठी सहा वर्षं मंजूर असलेलं अशाच पेशींचं औषध बाजारातून मागे घेतलं गेलं, कारण दुसऱ्या मोठ्या चाचणीत ते प्लासिबोहून बरं ठरलं नाही. पुरावा असा दोन्ही दिशांना चालतो. जिथे तो फक्त पुढेच जातो, तिथे जाहिरात चाललेली असते.

हृदयाची कथा कटू आहे. हार्वर्डमधल्या एका मोठ्या प्रयोगशाळेने हृदयात मूळपेशी असतात आणि त्या स्नायू परत बनवतात असं वर्षानुवर्षं छापलं, जगभर पेशंटांच्या हृदयात पेशी टोचल्या गेल्या, आणि २०१८ साली हार्वर्डनेच त्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यायला सांगितलं. लकव्यात तर उत्तर आपल्याकडचंच आहे. भारतातल्या पाच केंद्रांनी १२० पेशंटांत मज्जेतल्या पेशी नसेतून देऊन बघितल्या, निकाल २०१४ साली छापला: धोका नाही, फायदाही नाही. असा स्वच्छ नकार छापायला धैर्य लागतं. दुर्दैवाने तो जाहिरातीत कुणी लावत नाही.

सगळ्यात अवघड विषय ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा, कारण तिथे आई-वडिलांच्या आशेशी गाठ असते. प्रक्रिया साधारण अशी: मुलाला भूल देऊन कमरेच्या हाडातून वजनानुसार ५० ते १०० मिली मज्जा काढायची, फायकॉल नावाच्या द्रवावर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून मधला पांढरट थर वेगळा करायचा आणि त्याच दिवशी पाठीच्या कण्यात तळाशी सुई घालून मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडायचा. त्या थरात असतं काय? बहुतांशी साध्या पांढऱ्या पेशी. सीडी३४ एक-दोन टक्के, आणि त्या रक्त बनवणाऱ्या. मेसेन्कायमल पेशी दहा हजार ते एक लाखात एक. मज्जेची पेशी कण्याच्या पाण्यात जाऊन मज्जातंतू बनते याला आधार नाही. मुळात ऑटिझममध्ये मेंदूचा एखादा तुकडा मेलेला नसतो की जो भरून काढायचा. मेंदूची घडणच वेगळी असते. चारपैकी एकाही प्रश्नाला इथे उत्तर नाही.

‘पण मूल बोलायला लागलं,’ असं पालक सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. तीन ते सात या वयात मूल वाढत असतंच. पॅकेजमध्ये स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीचे दिवस असतात, घरच्यांचं सगळं लक्ष मुलाकडे वळलेलं असतं, आणि लाखो रुपये घातल्यावर डोळे सुधारणा शोधतात. म्हणूनच तुलनेचा गट लागतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने १८० मुलांत नाळेचं रक्त आणि प्लासिबो यांची तुलना करून २०२० साली निकाल छापला. ठरवलेल्या मुख्य मोजमापात दोन गटांत फरक निघाला नाही. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ साली ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही असं सांगितलं. सेरेब्रल पाल्सीत नाळेच्या पेशींनी हालचालीत थोडी सुधारणा दिसल्याचे अभ्यास आहेत, तो विषय अजून खुला आहे. पण खुला म्हणजे चाचणीत, पॅकेजमध्ये नव्हे.

‘स्वतःच्याच पेशी आहेत, नुकसान तर नाही ना?’ हा युक्तिवाद बुडत्याला काडीचा आधार म्हणून समजण्यासारखा आहे. काडी कधी कधी बुडवते. फ्लोरिडात तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतल्या पेशी टोचल्या, प्रत्येकीने ५,००० डॉलर भरले, आणि तिघींची दृष्टी गेली. २०१७ साली ते छापून आलं. अमेरिकेतच २०१८ साली नाळेच्या रक्ताच्या बाटल्यांत जीवाणू निघाले आणि १२ जण रुग्णालयात पोचले. परदेशात जाऊन गर्भातल्या चेतापेशी टोचून घेतलेल्या एका मुलाच्या मेंदूत आणि कण्यात दात्याच्या पेशींच्या गाठी झाल्याची नोंद २००९ ची आहे. आणि ज्याचा हिशोब कुठल्याच अहवालात येत नाही ते नुकसान: विकलेले दागिने आणि थांबवलेली रोजची थेरपी.

नाळेचं रक्त साठवण्याबद्दल थोडक्यात. स्वतःचंच रक्त स्वतःला पुढे लागण्याची शक्यता २,५०० त एक ते दोन लाखांत एक एवढी कमी मानली जाते. मूल थॅलेसेमियाचं निघालं तर साठवलेल्या रक्तातही तोच दोष असतो. पिशवीत साधारण ६० ते १०० मिली येतं, त्यातल्या पेशी ६० किलोच्या माणसाला सहसा पुरत नाहीत. शिवाय नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण ते रक्त बाळाला मिळालं तर पुढचे महिने त्याचं लोह चांगलं राहतं. घरात आधीच असं एखादं आजारी मूल असेल ज्याला प्रत्यारोपण लागणार आहे, तर नवीन बाळाच्या नाळेचं रक्त जरूर ठेवावं. बाकीच्यांनी ते बाळालाच द्यावं. नाळेतली जेली आणि दुधाचे दात साठवण्याला तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत परवानगीच नाही.

‘चाचण्यांना वर्षं लागतात, आमच्याकडे वेळ नाही,’ हा आक्षेप खोडून काढण्याजोगा नाही, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. थॉमस यांनी १९५७ साली पहिल्या सहा पेशंटांची नोंद छापली. सहाही जण दगावले. पुढची बारा-पंधरा वर्षं निकाल भयानक होते. तरीही ते प्रयोग योग्य होते, कारण अपयश छापलं गेलं, प्रत्येक मृत्यूतून एचएलए जुळणीबद्दल काहीतरी शिकलं गेलं, आणि पेशंटला ‘बरं करतो’ असं सांगून पाकीट घेतलं नव्हतं. आजही तसं काम चाललंय. प्रकार-१ मधुमेहात प्रयोगशाळेत मूळपेशींपासून बनवलेली ‘बेटं’, म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके, १२ पेशंटांना पूर्ण मात्रेत दिली, वर्षानंतर १० जणांचं इन्सुलिन सुटलं. हे २०२५ साली प्रसिद्ध झालं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र सतत घ्यावी लागतात, हेही त्याच पानावर लिहिलंय. घाई असलेल्या पेशंटचा मार्ग चाचणीत जाणं हा आहे, आणि चाचणीत पैसे लागत नाहीत.

कायद्याने हे स्पष्ट असायला हरकत नव्हती. २०१९ च्या नवीन औषधे आणि चाचणी नियमांत मूळपेशींपासून बनवलेलं उत्पादन हे नवं औषध मानलंय: परवानगी, नीती समिती, नुकसान झालं तर मोफत उपचार आणि भरपाई. पळवाट अशी काढली जाते की आम्ही उत्पादन बनवतच नाही, त्याच दिवशी पेशी काढतो आणि परत देतो, म्हणजे ही नुसती वैद्यकीय प्रक्रिया. आयसीएमआरच्या सूचनांत हा मुद्दा आहेच: पेशींवर फार प्रक्रिया केली नसली, तरी मज्जेचं काम सोडून मेंदूच्या कामासाठी त्या वापरल्या की तो प्रयोगच. सूचनांना नियमांइतकं बळ नाही, म्हणून चालून जातं. रोख पावतीवर ‘प्रोसीजर चार्जेस’ लिहिलं की झालं.

तेव्हा पेशंटने काय विचारावं? सीटीआरआयचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागावा. तो संकेतस्थळावर टाकला की चाचणीचं नाव, मुख्य मोजमाप, तुलनेचा गट, परवानगी सगळं दिसतं. क्रमांक आहे पण पैसेही मागताहेत, तर काहीतरी चुकतंय. मंजूर उत्पादन असेल तर त्याचं नाव, बॅच क्रमांक, कुठल्या आजारासाठी आणि कुठल्या पायरीसाठी मंजूर, हे लेखी घ्यावं. एकाच ठिकाणी ऑटिझम, लकवा, गुडघा आणि केस अशी चारही दुखणी एकाच पेशीने बरी होत असतील, तर पुढे विचारायची गरज नाही.

आणि पालिकेने काय करावं? ठाण्यात आणि नवी मुंबईत नर्सिंग होमची नोंदणी नि नूतनीकरण महापालिकेचं आरोग्य खातं करतं. रस्त्यावरच्या होर्डिंगची परवानगीही पालिकाच देते. नूतनीकरणाच्या अर्जात एक रकाना वाढवावा: इथे पेशी-उपचार दिला जातो का? असल्यास आजार, उत्पादनाचं नाव किंवा सीटीआरआय क्रमांक, परवानगीची तारीख, पेशंटकडून घेतलेली रक्कम. आजार रक्ताचा नाही, उत्पादन मंजूर नाही आणि रकमेपुढे शून्याखेरीज काही लिहिलंय, असा अर्ज सापडला की तो अन्न व औषध प्रशासनाच्या (एफडीए) ठाणे कार्यालयाकडे आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाठवायचा, आणि उत्तर येईपर्यंत त्या नावाचं होर्डिंग उतरवायचं.